निकम साहेबांचा हेवा

सुधाकर निकम एखाद्या घरी चहा प्यायले, की त्या घरातली वस्तू नकली आहे असं पालघर-बोईसर पट्ट्यात धरून चालत. हा अंदाज सहसा चुकत नसे. वस्तू खोटी निघाली की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. ते खुर्चीत मागे टेकायचे, साखर किती हवी ते सांगायचे, बिस्किटाला नाही म्हणायचे नाहीत. वस्तू खरी निघाली तर पाणीसुद्धा घेत नसत. उभ्या उभ्या दोन वाक्यं बोलून चपला घालायचे. यजमानाला वाटायचं, आपल्या हातून काही चुकलं. त्याचं चुकलेलं एवढंच असायचं, की ती वस्तू त्याच्याकडे होती आणि निकमांकडे नव्हती.

वस्तू म्हणजे हस्तिदंतात कोरलेल्या जुन्या चिनी मूर्ती. या किनाऱ्यावर त्या आल्या त्या पारशी घराण्यांमुळे. चीनशी व्यापार करणाऱ्या शेठ लोकांनी रेशीम आणलं, चिनी मातीची भांडी आणली, त्यांच्याबरोबर या मूर्तीही आणल्या. पुढे घराणी मुंबईला गेली, काही परदेशी गेली. मूर्ती कधी कपाटात राहिल्या, कधी कारभाऱ्याकडे, कधी माळ्याकडे. तारापूर, चिंचणी, डहाणू या बाजूला अजूनही एखाद्या घरात टीव्हीच्या शेजारी दाढीवाला चिनी म्हातारा उभा असतो आणि घरच्यांना तो कोण हे माहीत नसतं. माहीत करून घ्यायचं असेल तर निकमांना बोलावत.

ते मूळचे कराडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून आले आणि सरावलीत राहिले. कारखान्यात बटणांसाठी आणि सुऱ्यांच्या मुठींसाठी प्लास्टिकचे पत्रे तयार होत. त्यातला एक प्रकार हस्तिदंतासारखा दिसायला हवा होता. नक्कल करायची तर अस्सल नीट पाहायला हवं, म्हणून निकम संग्रहालयांतून हिंडू लागले, पुस्तकं मागवू लागले. पत्र्याचं काम काही वर्षांत बंद पडलं. निकमांचं पाहणं थांबलं नाही. वकील, विश्वस्त मंडळं, भंगारवाले, कधी एखादा सरकारी अधिकारी खासगीत, असे सगळे त्यांना विचारायला येत. ते फी घेत नसत. ‘फी घेतली की चांगलं बोलावं लागतं,’ असं ते सांगायचे.

अंगाने किरकोळ, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, नखं मांसापर्यंत कापलेली. नखाचा ओरखडा मूर्तीवर उठू नये म्हणून. खिशात भिंग असायचं, ते जुन्या मोज्यात घालून ठेवलेलं. व्हॉट्सॲपवर कोणी फोटो पाठवला तर उत्तर ठरलेलं: ‘फोटोला वजन नसतं.’ मूर्ती समोर आली की आधी उलटी करून तळ पाहायचे, मग पाठ, मग हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. चेहरा आधी पाहणाऱ्या माणसाला ते मनातून बाद करत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बोईसरला, चौरसिया नावाच्या भंगारवाल्याच्या गोदामात. चौरसियाने एक बंद फ्लॅट रिकामा करताना आठ चिनी मूर्तींचा संच उचलला होता. करोडोंचं हस्तिदंत सापडलं अशी कुजबुज आमच्या वर्तमानपत्राच्या पालघरच्या कार्यालयापर्यंत आली होती, म्हणून मला पाठवलं होतं. निकमांनी पहिली मूर्ती उलटी केली आणि लगेच खाली ठेवली.

“साहब, असली है ना?” चौरसियाने विचारलं.

“असली आहे की. असली प्लास्टिक.”

“हाथी का नहीं है?”

“हत्तीच्या दातात रेघा असतात, पण एकमेकींना छेदून जातात. जाळी दिसते. ह्या बघ कशा उभ्या आहेत. कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारख्या. हत्ती एवढा शिस्तीचा नसतो.”

“तो फिर हड्डी होगी.”

“हाडाला बारीक काळे ठिपके असतात, तीट लावल्यासारखे. कुठं आहेत? आण चहा.”

चहा आला. तो पिता पिता त्यांनी आठातली एक मूर्ती पुन्हा उचलली, भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बगलेतली साच्याची रेघ त्यांनी दोनदा अंगठ्याने चाचपली.

“कुणी केलाय हा माल? कुठला कारखाना?”

“क्या पता, साहब.”

“आमच्यापेक्षा चांगला केलाय,” ते म्हणाले. चहा अर्धाच राहिला.

खऱ्याचा हेवा अनेकांना वाटतो. खोट्याचाही हेवा वाटणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. ते तो लपवतही नसत. कारखान्यातल्या सहकाऱ्याच्या बढतीचा, कोणाच्या अक्षराचा, कोणाच्या शांत झोपेचा, सगळ्याचा त्यांना हेवा वाटे आणि तो ते हवामान सांगावं तसा सांगत. “हेवा नसता तर मी पत्रे ओतत बसलो असतो. मला दुसऱ्याचं दिसलं म्हणून मी शिकलो.” त्यांच्या पत्नी, शैलावहिनी, यावर म्हणायच्या, “शेजाऱ्यांच्या पेरूला दोन पेरू जास्त लागले तर यांना जेवण जात नाही. आणि पेरू यांना आवडत नाही.”

चिंचणीच्या कुसुम चुरी यांच्या घरी निकम गेले ते गौरीच्या दिवसांत. रविवारच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहायचं ठरलं होतं, म्हणून मी बरोबर होतो. कुसुमताईंचे सासरे तारापूरच्या एका पारशी शेठच्या वाडीवर कारभारी होते. शेठ मुंबईला कायमचे गेले तेव्हा त्यांनी एक मूर्ती यांना देऊन टाकली. घरात तिला ‘चिनी बाय’ म्हणत. वर्षभर ती फडताळात असे. गौरी आल्या की आराशीत उभी राही.

त्या दिवशी आराशीत प्लास्टिकचा ट्रॅक्टर होता, कापसाचे ससे होते, मान हलवणारा कुत्रा होता. त्यांच्या मधोमध वीतभर उंचीची चिनी बाय, हिरवी जरीकाठी साडी नेसलेली, कपाळाला कुंकू. निकम दारातच थांबले. मग पुढे जाऊन म्हणाले, “हिची साडी काढा.”

कुसुमताई सत्तरीच्या होत्या, पण आवाज खणखणीत. “अगो बाय! गौरीच्या दिवशी बाईमानसाची साडी काढा सांगतो हा! साहेब, घरची काय शिकवन हाय का नाय?”

“मला तळ बघायचा आहे.”

“तर मंग तोंड फिरवा. दोगं पन.”

आम्ही दोघांनी दाराकडे तोंड केलं. मागून बांगड्यांचा आवाज येत राहिला. “फिरा आता,” कुसुमताई म्हणाल्या. “आतून नेसलेली हाय ती. कोरलेलीच.”

निकमांनी काळं फडकं पसरलं, मूर्ती त्यावर आडवी ठेवली आणि तळाकडून पाहायला सुरुवात केली. मग तिला उचलून त्यांनी स्वतःच्या गालाला लावलं. हस्तिदंत गालाला थंड लागतं, प्लास्टिक लागत नाही, हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं. पण थंडी पाहायला एवढा वेळ लागत नाही. कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं.

“खरी आहे,” निकम म्हणाले. आवाज कोरडा होता. “हस्तिदंत. चिनी, कँटनकडचं काम. दीडशे वर्षं तरी असतील. ही त्यांची करुणेची देवी.”

“शिक्का हाय का खाली? आमचा निलेश मोबाइलवर बगून सांगतो, शिक्का लागतो.”

“शिक्का नाही हेच चांगलं. शिक्का बहुतेक वेळा खोटं बोलणारा मारतो.”

“आनि ती वाकडी उभी हाय ती? कारागिराचा हात चुकला का?”

“सुळा जसा वळतो तशी ती कमरेत वळली आहे. सरळ असती तर मला शंका आली असती.” त्यांनी मूर्ती उजेडात धरली. “ही कायम फडताळात नव्हती. उजवा गाल बघा, पांढरा आहे. डावा पिवळा. हस्तिदंत अंधारात पिवळं पडतं, उजेडात पांढरं होतं. हिच्या उजव्या हाताला खिडकी होती. वर्षानुवर्षं.”

कुसुमताई खाली बसल्या. “शेठच्या वाडीवरच्या घरात,” त्या म्हणाल्या. “जिन्याजवळ. खिडकी व्हती तिथं. मी नवीन लगीन होऊन आलेली तवा मामंजींनी तिथंच उभी दाखवलेली मला.”

निकमांनी दुसऱ्या बाजूने डाव्या पायाजवळची केसाएवढी चीर दाखवली. ती समईच्या धगीने गेलेली. समई लांब ठेवा, फडताळात पाण्याची वाटी ठेवा, फार कोरडं झालं की ती तडकते, असं त्यांनी सांगितलं.

“म्हंजे हिला तहान पन लागते?” कुसुमताई हसल्या आणि चहाला उठल्या.

“नको.”

“पानी तरी घ्या.”

“नको.”

“का? आमच्या घरचं पानी चालत नाय का तुमाला? विटाळ हाय का आमचा?”

निकम उठले. ते चपला घालून अंगणात गेले. मी कुसुमताईंना सांगितलं, की हा त्यांचा स्वभाव आहे, मनावर घेऊ नका. “स्वभाव कसला,” त्या म्हणाल्या, “जळतोय तो.” निकमांविषयी मी पुरवणीत जे सगळं लिहिलं, त्यापेक्षा हे दोन शब्द अचूक होते.

परतताना बोईसरजवळ ते म्हणाले, “ट्रॅक्टरशेजारी ठेवलीय. कुत्र्याशेजारी.” मी विचारलं, एवढी आवडली तर कुसुमताईंकडे मागून का पाहत नाही. तेव्हा त्यांनी मला कायदा सांगितला. हस्तिदंत विकत घेता येत नाही, विकता येत नाही, भेट म्हणूनही देता-घेता येत नाही. सरकारदरबारी वेळेत नोंद केली असेल तर ते घरात राहतं आणि वारसाकडे जातं. नोंद नसेल तर ठेवताच येत नाही.

“म्हणजे वारस असलं पाहिजे,” ते म्हणाले. “मी जन्मच चुकीच्या घरात घेतला.”

“चुरींकडे नोंद आहे?”

“नसणार. मला कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर सांगेन.”

पुढची काही वर्षं कोणी विचारलं नाही. निकम दर गौरीला चिंचणीला जात राहिले. मधूनही जात. चीर वाढली का बघायची आहे, पावसात बुरशी धरली का बघायची आहे, अशी कारणं असायची. कुसुमताईंना त्याची सवय झाली. “मुलगी बगायला येतात तसा येतो हा मानूस,” त्या शेजारणींना सांगत, “आनि पसंत हाय का नाय ते सांगत नाय.” त्यांच्यासमोरही सांगत. निकम ऐकून घेत. साडीच्या वेळी मुकाट्याने दाराकडे तोंड करत.

शैलावहिनी या भेटींना काही म्हणत नसत. फक्त एकदा मी सरावलीला त्यांच्या घरी बसलो असताना निकम चिरेची लांबी वर्षागणिक कशी आहे ते सांगत होते आणि वहिनी भाजी निवडत होत्या. त्या मान वर न करता मला म्हणाल्या, “माझ्या टाचांना उन्हाळाभर भेगा असतात. यांना माहीत नाही. तिच्या पायाची चीर मात्र पाठ आहे.” निकम थांबले आणि खरोखरच वहिनींच्या पायांकडे पाहू लागले. वहिनींनी पाय साडीखाली ओढून घेतले.

अडचण निलेशमुळे आली. कुसुमताईंचा हा एकुलता मुलगा अणुऊर्जा केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता. आत जायला गेटपास लागतो आणि पाससाठी पोलीस पडताळणी होते. कोणीतरी त्याच्या कानावर घातलं, की घरात नोंद नसलेलं हस्तिदंत सापडलं तर गुन्हा होतो. निलेशची झोप गेली. गुन्हा म्हणजे पास गेला, पास म्हणजे नोकरी. त्याला मूर्ती घरातून बाहेर हवी होती, कशीही. आईने तिला कोंबड्यांच्या खुराड्यात लपवायची तयारी दाखवली, तेव्हा तो ओरडला म्हणे.

कुसुमताईंनी निकमांना निरोप पाठवला. ते गेल्यावर त्यांनी फडताळ उघडलं आणि म्हणाल्या, “तुमीच न्या हिला. तुमचा जीव अडकलाय हिच्यात. मी काय, गौरीपुढं दुसरी भावली ठेवीन. तुमाला सगले मानतात. कागदावर लिवा हाडाची हाय म्हनून, म्हंजे माज्या पोराला भ्या नाय आनि तुमाला पन नाय.”

हे निकमांनी मला उमरोळीजवळ रस्त्याकडेला स्कूटर थांबवून सांगितलं. शर्टाला इस्त्री नव्हती. पलीकडच्या खाजणात बगळे उभे होते, तिकडे पाहत ते बोलत होते.

“हाड लिहायचं. एवढंच. हाड ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. भेट देता येतं, घेता येतं. आणि तपासणार कोण? या भागात मी पाहिल्यावर पुन्हा कोणी पाहत नाही.”

“मग काय म्हणालात?”

“विचार करून सांगतो म्हणालो.”

“कायद्याची भीती वाटते?”

“कायद्याची नाही.” त्यांनी स्कूटरच्या आरशावरची धूळ अंगठ्याने पुसली. “माझ्या घरी ती हाड म्हणून येणार. कोणी विचारलं, तर मला हाड म्हणावं लागणार. तिच्यासमोर. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो, की हिच्यासारखी या किनाऱ्यावर दुसरी नाही. ती माझ्याकडे यायला मी तिला हाड म्हणायचं? मग आली ती कोण?”

मग ते म्हणाले, “आणि नाही म्हणालो तर दुसऱ्या कोणाकडे जाईल. हेही आहेच.”

ते ठरवू शकले नाहीत. दिवस जात राहिले आणि निलेशने वाट पाहायचं सोडलं. कामावरच्या कोणाच्या ओळखीने त्याने मुंबईचे एक संग्राहक गाठले. ते चिंचणीला येणार त्या दिवशी निकमांना बोलावणं आलं. संग्राहकांची एकच अट होती: मूर्ती हाडाची असल्याचं निकमांनी लिहून द्यायचं. निकम मला म्हणाले, “चला. मी काय करतो ते मलाच ठाऊक नाही.”

संग्राहक सौम्य बोलणारे गृहस्थ होते. शर्ट निकमांइतकाच कडक, भिंग मात्र चामड्याच्या पाकिटात. त्यांनी नमस्कार केला, हात धुवायला पाणी मागितलं, खिशातून काळं फडकं काढून पसरलं. कुसुमताईंनी मूर्ती आणून दिली, त्या दिवशी साडीशिवाय. त्यांनी ती घेतली आणि चेहऱ्याकडे न पाहता उलटी केली. आधी तळ, मग पाठ, मग हात.

मी निकमांकडे पाहत होतो. माणूस आपल्या बायकोशी परक्याला तिच्या माहेरच्या नावाने बोलताना ऐकतो, तेव्हा कसा दिसत असेल, तसे ते दिसत होते.

“सुरेख,” संग्राहक म्हणाले. “कमरेचा बाक बघा. उजवा गाल उजेडात होता, नाही का निकम साहेब?”

निकमांनी आपलं भिंग मोज्यातून काढलं आणि परत ठेवलं.

“माझ्याकडे हिची जोडीदार आहे. त्याच हातची असावी. तिचा डावा गाल पांढरा आहे. एकाच खिडकीच्या दोन बाजूंना उभ्या असतील दोघी. आता पुन्हा शेजारी येतील.” त्यांनी मूर्ती फडक्यावर ठेवली. “हाडाची आहे, असं तुम्ही दोन ओळी लिहून दिल्यात तर सगळ्यांचंच सोयीचं होईल. तुमच्या शब्दाला मान आहे.”

निलेशने कागद आणि पेन पुढे केलं. कुसुमताई चौकटीला टेकून उभ्या होत्या. निकमांनी कागद गुडघ्यावर घेऊन लिहिलं, सही केली आणि निलेशच्या हातात दिला. निलेशने वाचला. त्याच्या चेहऱ्यावरून आम्हाला मजकूर कळला.

“काका, हे काय लिवलं? हस्तिदंत?”

“आहेच ते.”

“अहो पन तुमाला सांगितलेलं ना—”

“तू विचारलंस, मी सांगितलं. आता हे यांना देता येणार नाही. घरात ठेवता येणार नाही. वनखात्यात जमा कर. स्वतःहून जमा केलंस तर तुझ्यावर काही येणार नाही असं वाटतं, मी बरोबर येतो.”

संग्राहकांनी भिंग पाकिटात ठेवलं. ते चिडले नाहीत. दारापर्यंत गेल्यावर वळून एवढंच म्हणाले, “निकम साहेब, तुम्ही माझ्याकडे येऊन तिला केव्हाही पाहिलं असतंत.”

“तुमच्या घरी येऊन?” निकम म्हणाले.

गाडी गेली. मग कुसुमताई पुढे आल्या, मूर्ती उचलून पदराने पुसली. “निकमभाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमाला नको व्हती तर माज्याकडं राहू द्यायची. मी नेली असती माहेरी. कोनाला कललं पन नसतं.”

“मला नको होती असं कोण म्हणालं?”

“मंग केलं काय तुमी हे?”

निकम चपला घालायला वळले. मूर्ती जमा झाली. निलेशचा जबाब घेतला, कागद झाले, गुन्हा नोंदला गेला नाही आणि गेटपास शाबूत राहिला. मी छोटी बातमी दिली. डेस्कवर कोणीतरी तिला ‘प्रामाणिकपणाचा आदर्श’ असा मथळा दिला. सकाळीच निकमांचा फोन आला.

“तुमच्याकडे मथळे कोण देतं?”

“का? चुकीचं आहे काही?”

“मी खरं सांगितलं हे बरोबर आहे. का सांगितलं ते तुम्ही लिहिलं नाही.”

“का सांगितलंत?”

“त्याच्याकडे जोडीदार होती ना,” ते म्हणाले. “माझ्याकडे नाही तर कोणाकडेच नाही. त्याला तुमच्यात आदर्श म्हणत असतील तर म्हणा.” आणि फोन ठेवला.

लोकांनी मथळाच वाचला. सरावलीच्या गणेश मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. ते गेले नाहीत. त्यांच्या वतीने शैलावहिनींनी शाल घेतली. घरी आणून ती त्यांनी कपाटात तळाशी ठेवली आणि मला सांगितलं, “आता तिच्यावरून भांडायलाही काही उरलं नाही.” वहिनींना बरं वाटलं होतं का वाईट, ते त्यांच्या बोलण्यावरून मला ठरवता आलं नाही. निकम मूर्ती बघायला कोणाकडे जाईनासे झाले. बोलावणं आलं तर ‘डोळे अधू झाले’ सांगत. वर्षभरात सरावलीचं घर आवरून दोघं कराडला गेली.

जाण्यापूर्वी मी त्यांना एकदा पाहिलं. प्रयोगशाळेचा अहवाल आला होता. निकमांनी लिहिलं होतं तेच त्यात होतं, पण सरकारी कागदात ग्राह्य धरला गेला तो अहवाल. मूर्ती आता मोठ्या कोठारात जायची होती. सील करण्यापूर्वी ज्यांच्या घरून ती आली त्यांनी ती ओळखून सही करायची असते, म्हणून कुसुमताईंना पालघरला वनखात्याच्या कार्यालयात बोलावलं होतं. मी त्याची नोंद घ्यायला गेलो. व्हरांड्यातल्या बाकावर निकम आधीच बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर काळं फडकं घडी करून. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

कुसुमताईंना हाक आली तसे तेही उठले. दारावरच्या कर्मचाऱ्याने हात आडवा केला.

“काका, तुम्ही कोण?”

“ही मूर्ती मी ओळखली.”

“ओळख पटवायला घरच्यांनाच सोडतात. तुम्ही घरचे का?”

निकमांनी कुसुमताईंकडे पाहिलं. त्या घटकेला त्यांनी हो म्हटलं असतं तर कदाचित कर्मचाऱ्याने सोडलं असतं. कुसुमताई तोंड उघडून काही म्हणणार होत्या.

“नाही,” निकम म्हणाले, आणि बसले.

कुसुमताई लवकरच बाहेर आल्या. अंगठ्याला शाई होती, ती त्या पिशवीला पुसत होत्या.

“बघितली?” निकमांनी विचारलं.

“बगितली.”

“कशी आहे?”

“हाय.”

“हाय म्हणजे? उभी होती की आडवी? कशात गुंडाळलीय? चीर पुढं गेली का? तुम्ही पाय बघितलेत का?”

“निकमभाऊ, टेबलावर ठेवलेली. मी सांगितलं, हो, हीच आमची चिनी बाय. आंगठा दिला. आलं.”

“किती वेळ होता आत?”

“आता मी काय घड्याळ लावलं व्हतं? निलेश भाईर थांबलाय, त्याला कामाची पाली हाय दुपारची.” मग त्यांचा आवाज जरा उतरला. “आयका. माज्या घरात व्हती ती एवढी वर्सं. मी पन नाय रडले. तुमी कशाला जिवाला लावून घेता? चला, रिक्षातून सोडते तुमाला.”

“तुम्ही व्हा पुढं.”

त्या गेल्या. रिक्षा फाटकाबाहेर उभी होती. निलेशने आईला हात देऊन आत बसवलं. मला वाटलं होतं, निकम त्या बंद दाराकडे पाहत असतील. पण ते उठून व्हरांड्याच्या कठड्याशी आले होते आणि रिक्षाकडे पाहत होते. त्यात बसलेल्या म्हाताऱ्या बाईकडे. तिने नुकतीच चिनी बाय पाहिली होती.